वरच्या खोलीची झडप

डक्टवाल्यानं आईच्या खोलीतली भिंतीवरची गरम हवेची जाळी काढली, आतल्या पत्र्याच्या पोकळीत कोपरापर्यंत हात घातला आणि तोंड वाकडं करून म्हणाला, "ताई, इथं काहीतरी मेलंय." ती दोन पावलं मागे सरकली. उंदीर असेल, घूस असेल, गेल्या हिवाळ्यात कुठून तरी शिरलेलं एखादं कबूतर असेल. नाकाशी हात नेईपर्यंत त्यानं ते ओढून बाहेरही काढलं. आधी धुळीचा लोट आला, मग एक टोक, मग सगळंच. घट्ट गुंडाळी केलेली, दोन ठिकाणी नाडीनं बांधलेली, मोहरीच्या रंगाची लोकरी शाल. डक्टवाला स्वतःवरच खूश होऊन हसला. "मेलेलं नाही, झोपलेलं आहे," म्हणाला, आणि गुंडाळी त्यानं तिच्या हातात दिली. "असा बोळा कोंबल्यावर खोली गरम होणार कशी? तुम्ही आपलं उगाच मशीनला शिव्या घालत होता." शाल तिनं ओळखली होती. न ओळखायला काय झालं, तिनंच तर आणली होती.

चांगली महागातली शाल होती ती. आई राहायला आली त्या पहिल्या हिवाळ्यात तिनं चार दुकानं पालथी घालून आणली होती, आणि आईनं ती अंगावर घेऊन आरशात एकदा पुढून, एकदा मागून पाहिलं होतं आणि "मला कशाला एवढी भारी, मी काय आता मिरवणार आहे का" असं म्हणून दोन दिवस अंगावरून काढली नव्हती. मग पुढच्या हिवाळ्यात शाल दिसेनाशी झाली. तिनं जेवताना एकदा सहज विचारलं, "आई, शाल कुठे गेली गं?" तर आई ताटातून वर न बघता म्हणाली, "असेल कुठेतरी." असेल कुठेतरी! तिला ते फार लागलं होतं. वहिनीला दिली असणार, दुसरं काय. दादा-वहिनी येऊन गेले त्यानंतरच ती गायब झाली, आणि सुनेला वस्तू देऊन टाकायची आईची सवय जुनीच. लेकीनं आणावं आणि सुनेनं पांघरावं. हे सगळं तिनं त्याच रात्री जेवणं आटोपल्यावर नवऱ्याला स्वयंपाकघरात ऐकवलंही होतं. आता ती शाल हातात घेऊन उभी राहिली तेव्हा तिला पहिल्यांदा काय वाटलं असेल, तर सुटल्यासारखं. दिली नव्हती म्हणजे. इथेच होती. हे वाटणं जेमतेम एखादा क्षण टिकलं, आणि मग त्याच्यामागून दुसरं काहीतरी यायला लागलं.

सगळा घाट आईसाठीच घातलेला होता. घरात जिन्याखालच्या कोठीत एकच मशीन, हिवाळ्यात गरम हवा सोडणारं आणि उन्हाळ्यात गार, आणि त्याला चालूबंद करायला हॉलच्या भिंतीवर थर्मोस्टॅटची एकच डबी. त्या डबीला जे वाटेल ते सगळ्या घरानं सोसायचं. हॉल पुरेसा गरम झाला की मशीन बंद, मग वर कोणी कुडकुडत का असेना. आणि वर होती आई. गेल्या हिवाळ्याच्या शेवटी एका सकाळी ती बॅग भरूनच खाली आली होती. "मी दादाकडे जाते थोडे दिवस. इथली थंडी मला सोसत नाही." थोडे दिवस म्हणता म्हणता उन्हाळा गेला. घर रिकामं झालं तसं तिला आधी मोकळं वाटलं, मग नुसतं रिकामं वाटायला लागलं. दवाखान्यातली ड्युटी संपवून घरी आल्यावर कोणी "आज उशीर केलास" म्हणायला नाही. नवरा यायच्या आधी चहाचा दुसरा कप कोणासाठी टाकायचा हे हाताला कळत नाही. शेवटी तिनं फोन केला, आणि हसत हसत, भांडल्यासारखं करत म्हणाली, "आई, ये आता. किती दिवस रुसणार?" तर आई म्हणाली, "रुसायला मी काय लहान आहे? तुझ्याकडची खोली गरम झाली तर येईन." झालं. तिनं ते शब्दशः धरलं. तिचा स्वभावच तसा, काम सांगा, ती करून दाखवणार. घराचे चार भाग करायचे, प्रत्येक भागाला स्वतःची डबी, आणि भिंतीतल्या पत्र्याच्या बोगद्यांमध्ये प्रत्येकाची स्वतःची झडप. ज्या खोलीला हवा हवी तिची झडप उघडेल, जिला नको तिची मिटेल. आईच्या खोलीत आईची सत्ता. रविवारी दादा तिला आणून सोडणार होता, आणि आज डक्टवाला कामाला लागला होता, शिंकत, शीळ घालत आणि अधूनमधून स्वतःच्या सासूच्या गोष्टी सांगत.

"धुळीमुळे लावली असेल," ती डक्टवाल्याला म्हणाली. "आईला खोकला येतो." "असेल," तो म्हणाला. त्याला काय त्याचं. त्यानं पोकळीत टॉर्च मारला, मोजमाप घेतलं आणि झडपेची मोटर आणायला बाहेर गाडीकडे गेला. ती आईच्या पलंगाच्या कडेला बसली. गादी नुसती, चादर काढलेली. शालीची एक नाडी तिनं सोडवायला घेतली. गाठ आईची होती. आई दुधाच्या पिशवीपासून उशीच्या अभ्र्यापर्यंत सगळ्याला हीच गाठ मारायची, सुटता न सुटणारी, आणि वर म्हणायची, बांधायचं तर नीट बांधावं. धुळीसाठी एवढी गाठ कोण मारतं? आणि धूळ नको होती तर जाळी बंद करता येत होती की, बाजूला चांगला खटका होता. पण त्या खटक्यानं फटी राहतात. फटींतून काय येतं? तिला एकदम वाटलं की वास. खालचा फोडणीचा वास येत असेल, आईला तो उशिरा सहन होत नसे. तेवढ्यात पलंगाच्या उशापाशी, अगदी तिच्या कानाशी, नवरा म्हणाला, "नाही नाही, ते सोमवारी बघू. आज घरी काम चाललंय."

ती दचकून उभी राहिली. खोलीत कोणी नव्हतं. भिंतीतल्या त्या चौकोनी काळ्या भोकातून नवरा बोलत होता. खाली स्वयंपाकघरात फोनवर, त्याच्या नेहमीच्या हळू आवाजात. आवाज हळूच होता, पण स्पष्ट होता. तो मध्येच थांबला तेव्हा त्यानं कप ओट्यावर ठेवल्याचं ऐकू आलं. चमचा ढवळल्याचं ऐकू आलं. फोन ठेवल्यावर तो स्वतःशीच "हुश्श" म्हणाला, तेसुद्धा. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तो एकटा असताना हुश्श म्हणतो हे तिला ठाऊक नव्हतं. तिनं जाळी उचलून भोकावर धरली. आवाज तसाच. खटका ओढला. आवाज थोडा दबला, पण शब्द कळत होते. मग तिनं शालीची गुंडाळी उचलली आणि आत ढकलली. पहिल्यांदा नीट बसेना. कडेनं बोटांनी दाबत, कोपरे भरत बसवावी लागली, आणि मग सगळं शांत झालं. आईनं हे असंच केलं असणार. पलंगावर गुडघे टेकून, या उंचीला, अशीच बोटं दाबत. खोलीत आता खरंच काहीही ऐकू येत नव्हतं, आणि हाताला लागणारी हवाही थांबली होती.

या घरात स्वयंपाकघरात बोलायचं ही त्यांची रीतच होती. आई जेवून वर गेली की ते दोघं मागचं आवरायला तिथे थांबायचे, आणि ती आधी दार लावून घ्यायची, आईला ऐकू जाऊ नये म्हणून. मोठी काळजी! दार लावायचं आणि भिंतीतल्या खालच्या जाळीला पाठ लावून उभं राहायचं, कारण हिवाळ्यात सगळ्या घरात तिथेच काय ती खरी ऊब असायची. दुसऱ्या हिवाळ्यात तर फारच. पिंढऱ्या शेकल्या जायच्या. "आपलं स्वयंपाकघर म्हणजे स्वर्ग आहे," असं नवरा म्हणायचा. त्या जाळीला टेकून ती दिवसभराचं सगळं ओकायची. दवाखान्यातलं कमी आणि आईचं जास्त. आई आज हे म्हणाली, आईनं आज ते उचलून तिकडे ठेवलं, आई आज फोनवर शेजारणीला सांगत होती की लेकीकडे राहते म्हणजे काय पाहुणीच की. आणि ती नुसतं सांगायची नाही, करून दाखवायची. नकला ही तिची लहानपणापासूनची खासियत. शाळेतल्या बाई, दूधवाला, खालच्या मजल्यावरचे घोरणारे काका, कोणी सुटायचं नाही, आणि पहिली प्रेक्षक आईच. आई पोट धरून हसायची, डोळे पुसायची आणि म्हणायची, "ठमे, एक दिवस माझी पण करशील, बघ." तेव्हा ती म्हणायची, "तुझी नाही गं करणार." आणि या स्वयंपाकघरात ती आईचीच करायची. मान थोडी कलती करायची, पदार्थ चाखल्यासारखे ओठ मिटायची, एक उसासा सोडायची, आणि आईच्या आवाजात, हुबेहूब आईच्या आवाजात म्हणायची, "मला काय, कोपऱ्यात चटई टाका, मी पडून राहीन." आणि मग स्वतःच्या आवाजात, "आणि तो कोपरा मग सगळ्या घरभर पसरतो." नवरा हसायचा. हसता हसता म्हणायचा, "हळू, आई ऐकतील." ती म्हणायची, "दार लावलंय."

म्हणजे आई वर पलंगावर पडलेली असताना भिंतीतून आईचाच आवाज आला असणार. तिला आधी काय वाटलं असेल? आपल्यालाच भास होतोय असं? की लगेच ओळखलं असेल? ओळखलं असणार. त्या आवाजामागची लेक तिच्याइतकी कोणाला ओळखता येणार होती? लेकीची सगळ्यात चांगली नक्कल तिनं अंधारात एकटीनं ऐकली, आणि या वेळी हसली नाही. किंवा कोण जाणे, हसलीही असेल. आई काय करेल ते सांगता यायचं नाही. ती पलंगावर बसून राहिली आणि आठवण्याचा प्रयत्न करू लागली की नक्की काय काय बोललो, कोणत्या दिवशी, आणि शाल कधी गेली. पण बोललेलं असं ओळीनं आठवत नाही. आठवलं ते भलतंच. गेल्या हिवाळ्याच्या तोंडावर आईला कमी ऐकू यायला लागलं होतं.

एकाएकीच लागलं होतं. जेवताना काही विचारलं की "काय?" मागून हाक मारली तर ओ नाही. नवरा मोठ्यानं बोलायला लागला. आणि ती स्वतः कान तपासणारी, लोकांचे आईबाप रोज तिच्या समोरच्या काचेच्या बंद खोलीत हेडफोन लावून बसायचे. तिनं आईला एका दुपारी दवाखान्यात नेलं. आई हातात ते बटण घेऊन शहाण्या मुलीसारखी बसली. आवाज ऐकू आला की दाबायचं, बारीक आला तरी दाबायचं. आई दाबायची, पण उशिरा, आणि बारीक आवाजाला मुळीच नाही. असं नाटक करणारे तिनं खूप पाहिले होते, नोकरीतून सूट हवी असलेले, शाळेत जायचं नसलेले. त्यांच्यासाठी युक्त्या असतात. तिनं तोंडावर कागद धरला आणि माइकमध्ये अगदी हळू, श्वासातल्या श्वासात म्हणाली, "आई, चपला उलट्या घातल्यास." आईनं पायांकडे बघितलं. चपला सुलट होत्या. मग आईनं मान वर केली आणि काचेतून तिच्याकडे बघितलं. तिला इतकं हसू आलं की बाजूच्या टेबलावरची बाई काय झालं म्हणून बघायला आली. पकडली! कान ठणठणीत होते आईचे, तिच्या वयाच्या मानानं नवल वाटावं इतके. आणि त्या दिवशी जेवणानंतर जाळीला टेकून तिनं तो सगळा प्रवेश करून दाखवला, चपलांसकट. "नाटकी आहे नुसती," ती म्हणाली होती. "लक्ष वेधून घ्यायचं, बाकी काही नाही." ते काचेपलीकडून बघणं तिला आत्ता पहिल्यांदा नीट दिसलं. त्यात खोडी नव्हती. आई बहिरी होत होती ती त्यांच्यासाठी. मला काही ऐकू येत नाही, तुम्ही आपलं बोला, खाली मान घालून बसू नका माझ्यासमोर, असं काहीतरी ती तिच्या परीनं सांगत होती. ते तिनं करू दिलं नाही. कागदावर नॉर्मल असं लिहून आईचा तेवढाही आडोसा काढून घेतला. मग आईनं दुसरा शोधला, घरातलं सगळ्यात जाड काय असेल ते. शालीवरून ती वहिनीबद्दल आणि आईबद्दल स्वयंपाकघरात जे काही बोलली होती तेवढं मात्र आईनं ऐकलं नसणार. तोवर शाल मध्ये होती.

डक्टवाला वर आला तेव्हा गुंडाळी परत आत कोंबलेली बघून त्यानं तिच्याकडे चमत्कारिक नजरेनं बघितलं. ती म्हणाली, "स्वयंपाकघरातला आवाज इथं येतो." "येणारच," तो म्हणाला. "खालची जाळी आणि ही जाळी एकाच बोगद्यावर आहेत. आमच्या सासूबाईंकडे तर संडासातलं..." "बंद करता येईल का?" तिनं त्याला पुढे जाऊ दिलं नाही. त्यानं डोकं खाजवलं. दोन्ही वाटा वेगळ्या करायच्या तर भिंत फोडावी लागेल, पत्रा नवा, आतून अस्तर, पुढच्या महिन्याशिवाय जमणार नाही. "पण आता झडप बसतेय ना. उघडी असेल तर हवाही येणार, आवाजही येणार. मिटली की दोन्ही नाही. म्हातारीच्या हातात डबी आहे, तिला पाहिजे ते करेल." मग शाल ओढून काढताना तो आपणहून म्हणाला, "म्हणून तर तुमचं स्वयंपाकघर भट्टी झालं होतं म्हणायचं. इथलं तोंड बंद, मग ती हवा जाणार कुठे? खालीच." ती हं म्हणाली. शिंक आली म्हणून तो तोंड फिरवून उभा राहिला, नाहीतर त्यानं तिचा चेहरा बघितला असता.

काम दोन दिवस चाललं. स्वयंपाकघरात ओट्याच्या बाजूला एक पांढरी पट्टी बसली, तिच्यावर चार आकडे, चार खोल्यांच्या तापमानांचे. प्रत्येकाखाली नाव चिकटवायला डक्टवाल्यानं कोऱ्या चिठ्ठ्या दिल्या. तिनं हॉल लिहिलं, स्वयंपाकघर लिहिलं, आमची खोली लिहिलं, आणि चौथ्या चिठ्ठीवर आईची खोली मावेना म्हणून नुसतंच आई लिहिलं. त्या संध्याकाळी तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं, पण हॉलमध्ये. स्वयंपाकघरात बोलायची तिला आता भीती वाटत होती, वर कोणी नसतानाही. हसणारा तो होता, हे त्यालाही आठवत असणार. मग म्हणाला, "आल्या की बोल त्यांच्याशी." "काय बोलू?" "जे आहे ते. आम्हाला कळलं म्हणून सांग. माफ कर म्हण." त्याचं सगळं असं सरळ असायचं. ती चिडून म्हणाली, "इतकं सोपं असतं का? तिनं काही ऐकलंच नव्हतं असं ती दाखवतेय, आणि मी जाऊन सांगू की तू ऐकलंस? मग ती राहील का इथे?" तो म्हणाला, "आणि नाही सांगितलंस तर राहतील?" तिनं शाल कोमट पाण्यात हातानं धुतली, पाणी तीनदा काळं झालं, आणि सावलीत सपाट पसरून वाळवली. रविवारी सकाळी नवी चादर घालून तिनं पलंगाच्या पायथ्याशी शालीची घडी ठेवली. थोड्या वेळानं जाऊन ती उचलून कपाटात ठेवली. मग पुन्हा काढून पलंगावर ठेवली. आईला कळेल. न बोलता कळेल, आणि न बोलता मिटेल. आपल्या घरात मोठ्या गोष्टी अशाच मिटतात, असं तिनं स्वतःला पटवून दिलं.

आई दुपारी आली. बारीक झाली होती आणि ते विचारलेलं तिला चालणार नव्हतं. दादा दारातूनच बॅगा ठेवून परत फिरला, त्याला दूर जायचं होतं. नवऱ्यानं बॅग वर नेली आणि मागोमाग जाऊन तिनं डबी दाखवली. हे बटण वर, हे खाली. खाली पार आठ-दहापर्यंत नेलंस की झडप मिटणार, हवा बंद. आईनं बोट लावून बघितलं. "विमान चालवायला दिलंत की काय मला," ती म्हणाली. "पडून राहायला एवढं यंत्र?" मग तिची नजर पलंगाकडे गेली, तिथून नव्या जाळीकडे, आणि परत पलंगाकडे. ती म्हणाली, "मी जरा तोंड धुऊन येते." चहाला खाली आली तेव्हा शाल अंगावर नव्हती. ती नेहमीच्या खुर्चीत बसली, चहा बशीत ओतला, फुंकर घातली आणि बशीकडे बघत म्हणाली, "शाल सापडली वाटतं."

"हो," ती म्हणाली.

"कुठे होती?"

नवरा कपाकडे बघत होता. आईनं आता मान वर केली होती आणि तिच्याकडे बघत होती. नजरेत राग नव्हता, घाई नव्हती. लहानपणी फुलदाणी फुटली की आई असंच विचारायची, कशी गं फुटली, माहीत असूनही, आणि थांबायची. खरं सांगितलं की विषय तिथेच संपायचा. तिला ते सगळं आठवलं. तोंड उघडलंसुद्धा तिनं. आणि तोंडातून आलं, "कपाटाच्या मागे पडली होती. डक्टवाल्यानं कपाट हलवलं ना, तेव्हा मिळाली."

"हं," आई म्हणाली. "मला वाटलंच. असेल कुठेतरी." तिनं बशी उचलून उरलेला चहा प्यायला आणि दादाच्या घरामागच्या नव्या रस्त्याचं काहीतरी सांगायला लागली, छान सांगत होती, आणि तिघंही मध्येमध्ये हसली.

दिवेलागणीला आई म्हणाली की प्रवासानं अंग आंबलंय, जरा पडते. जिना चढताना तिचा हात कठड्यावर होता. ते दोघं स्वयंपाकघरात राहिले. पट्टीवर आईच्या नावाखाली सोळा होते, मग सतरा झाले, मग एकोणीस. खोली तापत होती. भिंतीत हवेचा बारीक सरसर आवाज होता. झडप उघडी होती. ती कप विसळत होती आणि विसळताना होणारा प्रत्येक आवाज वर जातोय हे तिला कळत होतं. नवऱ्यानं खुणेनं विचारलं, जातेस का वर? तिनं नकारार्थी मान हलवली. आणि मग, कशी कोण जाणे, तिला एक कल्पना सुचली, आणि सुचली तेव्हा ती फार चांगली वाटली. ती जाळीजवळ गेली, थोडी वाकली, आणि रोजच्यापेक्षा जरा मोठ्या, जरा गोड आवाजात नवऱ्याला म्हणाली, "आई आली तर घर कसं भरल्यासारखं वाटतंय, नाही? मला तर बाई करमतच नव्हतं तिच्याशिवाय."

नवरा तिच्याकडे बघत राहिला. त्यानं हो म्हटलं नाही. एकही शब्द खोटा नव्हता. करमत नव्हतं, घर भरल्यासारखं वाटत होतं, सगळं खरं होतं. पण आवाज तिचा नव्हता. तिनं आजवर केलेल्या सगळ्या नकलांमध्ये ही सगळ्यात वाईट होती, एका प्रेमळ लेकीची, आणि प्रेक्षक तीच होती जिला तिची प्रत्येक नक्कल पाठ होती. ती तशीच वाकून, काहीतरी परत येईल म्हणून कान लावून राहिली. कान लावायचं तिला शिकवायला नको होतं. वर पलंग करकरला. पावलं भिंतीपर्यंत आली. एक बटण दाबल्याचा टिकटिक आवाज आला, पुन्हा आला, पुन्हा पुन्हा. मग भिंतीत कुठेतरी मोटर गुणगुणली, पत्रा पत्र्याला टेकला, आणि वरचा सगळा आवाज गेला.

"आई," ती म्हणाली. "आई, शाल कपाटामागे नव्हती. मला माहितीये ती कुठे होती. मी तुझी नक्कल करत होते आई, रोज करत होते, आणि तू सगळं ऐकलंस, आणि मी तुला दवाखान्यात नेऊन..." आता आवाज तिचा होता, फाटका, नाकातला, आणि तिला तो थांबवता येईना. नवरा उठला. तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "बंद आहे ते. वर जाऊन सांग." "जाते," ती म्हणाली. पट्टीवर आईच्या नावाखाली एकोणीसचे अठरा झाले होते. तिनं ओल्या हातानं डोळे पुसले आणि पुन्हा म्हणाली, "जाते ना." पण तिचे पाय हलले नाहीत. जाळीतून हवा एकदम जोरात यायला लागली होती, वर जायची ती सगळी, आणि तिच्या पिंढऱ्या शेकत होती.